हार्टच्या ऑपरेशनमधली कापडी नळी : आमच्याकडे ग्राफ्ट (म्हणजे हीच नळी) घ्यायला येणाऱ्यांसाठी

आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन येतात, बॉक्स हातात घेतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की हे प्लास्टिक आत टिकणार का हो. म्हणून हे लिहून ठेवलंय, निवांत वाचा.

नळी म्हणजे डॅक्रॉन, साध्या भाषेत पॉलिस्टर, आपल्या टेरिकॉटच्या शर्टात असतं तेच. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी यांनी १९५०च्या दशकात दुकानातून कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर अशा नळ्या शिवल्या होत्या. नायलॉन आणायला गेले, ते संपलेलं, म्हणून डॅक्रॉन घेतलं. पुढे २००५च्या अखेरीस वयाच्या ९७व्या वर्षी त्यांचीच महाधमनी (हार्टमधून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटली, तेव्हा २००६ मध्ये ऑपरेशन करून त्यांनाही डॅक्रॉनचीच नळी बसवली, आणि त्यानंतर ते दोनेक वर्षं जगले.

महाधमनीला फुगा आला असेल किंवा ती फाटली असेल तर हीच नळी लागते, साधारण २४ ते ३४ मिलिमीटरची, आणि तिथे ती वर्षानुवर्षं चांगलं काम देते. विणलेल्या कापडातून रक्त झिरपू नये म्हणून पूर्वी ऑपरेशनच्या आधी ती पेशंटच्याच रक्तात भिजवून घ्यायचे, आता कंपनीतूनच कोलॅजेन किंवा जिलेटिनचा थर देऊन येते. हा थर बहुतेक वेळा गाय-बैलांपासून केलेला असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोला, आमच्या काउंटरवर आल्यावर नको, तेव्हा उशीर झालेला असतो.

मग बायपासला हीच नळी का नाही टाकत, पायाची शीर कशाला कापता, हे तर रोज कुणीतरी विचारतंच. कारण असं आहे की कृत्रिम नळीच्या आतल्या बाजूला रक्तातल्या प्रथिनांचा आणि गुठळीचा पातळ थर बसतोच, आपल्या शिरेचं आतलं गुळगुळीत अस्तर टाक्यांपासून जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत सरकतं, पुढे येत नाही. २८ मिलिमीटरच्या नळीत रक्ताचा लोंढाच इतका जोरात असतो की त्या थराने काही अडत नाही. हार्टची शीर मात्र दोन-तीन मिलिमीटरची, तिथे तेवढ्यानेच रस्ता बंद. सहा मिलिमीटरच्या खाली कृत्रिम नळीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून बायपासला छातीतली धमनी, हातातली धमनी नाहीतर पायाची शीर. छातीतली तर दहा वर्षांनीही दहापैकी साधारण नऊ जणांत चालू असते, तिच्या तोडीचं आमच्या कपाटात काहीच नाही आणि हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

लहान बाळांचं वेगळं. निळं पडणाऱ्या बाळाला फुफ्फुसाकडे रक्त जावं म्हणून पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉन, नॉनस्टिक तव्यावर असतं ते) साडेतीन-चार मिलिमीटरची छोटी नळी जोडतात. ती अरुंद असूनही चालते कारण आखूड असते आणि पुढच्या ऑपरेशनपर्यंतच हवी असते. बाळ वाढतं पण नळी वाढत नाही. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन दिलेलं असतं, ते डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नका.

सगळ्यात जास्त भीती इन्फेक्शनची. नळीला जंतू चिकटले तर नुसत्या औषधाने ते निघणं फार अवघड, कधीकधी नळीच बदलावी लागते. म्हणून ताप उतरत नसेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलू नका, सर्जनना फोन करा. दात काढायचा असेल तरी डेंटिस्टला आधी सांगा की आत नळी आहे, हार्टमध्ये कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) असेल तर तेही सांगा.

बॉक्समधल्या स्टिकरवर साइज आणि लॉट नंबर असतो. एक स्टिकर हॉस्पिटलच्या फाइलला लागतो, दुसरा मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये चिकटवा.