जुन्या घरात प्लगची लाइन ओढताना

चवथीला घर भरतं, मिक्सर आणि इंडक्शन एकदम चालू होतात आणि चिनीमातीचा किटकॅट फ्यूज उडतो. मग कुणीतरी जाडी तार गुंडाळून वेळ मारून नेतं. तार टिकते, भिंतीतली वायर मात्र तापत राहते. आमच्याकडे येणारी बरीच कामं इथूनच सुरू होतात.

इंग्लंडहून परतलेले ग्राहक हल्ली 'रिंग' मागतात. बोर्डातून निघालेली वायर सगळ्या सॉकेटना शिवून परत बोर्डात येते, वर ३२ अँपियरचा एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. तिकडे हे चालतं, कारण तिथल्या प्लगमध्येच फ्यूज असतो, जास्तीत जास्त १३ अँपियरचा. आपल्या प्लगमध्ये तो नाही. शिवाय रिंग मध्येच तुटली तरी सगळे सॉकेट चालूच राहतात, कुणाला पत्ता लागत नाही. मग जवळजवळ सगळा भार एकाच बाजूच्या अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीवर पडू शकतो आणि एमसीबी ढिम्म. माळ्यावर उंदीर फिरणाऱ्या कौलारू घरात आम्ही रिंग टाकत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

आम्ही सरळ लायनी ओढतो. स्वयंपाकघर, गीझर, एसी, प्रत्येकाची लाइन वेगळी, एमसीबी वेगळा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर घेतो. त्याला १६ अँपियरचा सॉकेट आणि तांब्याची अडीचची वायर. एसीला चारची. १५०० वॅटची किटली ६ अँपियरच्या सॉकेटवर लावू नका.

परवा एका घरात दोन पिनांचा लाकडी बोर्ड उघडला. कापडी वेष्टनाची वायर जरा वाकवली, तर आतलं रबर बोटांवर भुगा होऊन आलं. अर्थिंगची वायर नव्हतीच. सोप्यावरच्या दिव्याचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, शेजारच्या खोलीतून उसना घेतलेला. अशा वायरिंगवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला की तो लगेच पडतो, आणि लोक आरसीसीबीलाच नावं ठेवतात. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की पुन्हा तेच. कृपा करून तो बायपास करून घेऊ नका. लायनी वेगळ्या असल्या तर एकेक एमसीबी पाडून दोष कुठल्या खोलीत आहे ते शोधता येतं.

चिऱ्याच्या भिंतीत खाचा मारल्या की जुना गिलावा ढासळतो, म्हणून आम्ही शक्यतो पीव्हीसीची केसिंग पट्टी वरूनच नेतो. अर्थिंगचं माप, म्हणजे जमिनीत करंट जायला होणारा रोध, मेमध्ये जमीन कोरडी असताना घेतो. पावसात ओल्या जमिनीत ते चांगलंच येणार.

आम्ही बघायला येण्याआधी प्रत्येक उपकरणावरचे वॅट कागदावर लिहून ठेवा. नुसते सॉकेट मोजून सांगितलेला दर आम्हालाच नंतर बदलावा लागतो.