मागच्या चाकाची कमान (कस्टम मोटार)

जुन्या मोटारींच्या कस्टम (मालकाच्या आवडीप्रमाणे बदललेल्या) बांधणीत मागच्या चाकाभोवतीचा पत्रा कापून कमान वर उचलतात, गोल करतात, पुढे-मागे सरकवतात, बुजवून लहान करतात किंवा स्कर्ट नावाच्या झाकणीने पूर्ण झाकतात. ही सारी कामे या नोंदीत येतात. गाडीची अंतिम उंची, अंतिम रिम आणि अंतिम टायर ठरल्याशिवाय कमानीला हात लावू नये. स्प्रिंग बदलायच्या आधी कापलेली कमान बहुतेक वेळा पुन्हा कापावी लागते.

ही कला मुख्यतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे वाढली. त्या काळच्या कस्टम गाड्यांचा मागचा भाग जमिनीला टेकल्यासारखा खाली असे आणि मागची चाके स्कर्टमागे लपलेली असत. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरीची मूळची कमान बुटकी असल्याने त्या गाडीला स्कर्ट फार शोभतो. १९५३ च्या बुइक स्कायलार्कला कारखान्यातूनच मोठ्या, उघड्या, गोल कमानी आल्या. तशा कमानी कस्टम गाड्यांवरही आवडू लागल्या आणि चाके, हबकॅप (चाकाच्या मध्यावरच्या झाकण्या) दिसू लागले. ड्रॅग शर्यतीच्या (सरळ, छोट्या पल्ल्याच्या वेगशर्यतीच्या) गाड्यांत कारण वेगळे होते: रुंद आणि उंच स्लिक (खाचा नसलेले गुळगुळीत) टायर मूळ कमानीत मावत नसत. या गाड्यांची कमान पुष्कळदा नुसती कापून सोडलेली दिसते. शर्यतीपुरते ते चालते, पण रस्त्यावरच्या गाडीत उघडी धार टायर फाडते आणि तिथूनच गंज धरतो.

कामाची अवघड बाजू गाडीच्या बांधणीवर ठरते. १९४८ पर्यंतच्या फोर्डचे मागचे फेंडर (चाकावरचे बाहेरचे पत्रे) बोल्टने जोडलेले असतात. ते काढून टेबलावर काम करता येते, आणि चूक झाली तर एका फेंडरचेच नुकसान होते. १९४९ च्या फोर्डपासून फेंडर गाडीच्या अंगातच मुरला. अशा गाडीत बाहेरचा पत्रा आणि आतले चाकघर (चाकावरचा आतला पत्रा) कमानीच्या काठावर स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने) जोडलेले असतात, त्यामुळे काठ कापला की दोन्ही सुटे होतात. १९४८ ते १९५४ च्या हडसनमध्ये तर चासीचा भाग मागच्या चाकाच्या बाहेरून जातो. तिथे कमान मोठी करणे म्हणजे चासीला हात घालणे. १९४९ ते १९५१ च्या नॅशमध्ये वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर आहे. या दोन गाड्यांची मूळ कमान तशीच ठेवणे शहाणपणाचे.

आखणीसाठी गाडी सपाट जमिनीवर, भरलेल्या टाकीइतके वजन ठेवून उभी करतात. अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) गाडीच्या लांबीला काटकोनात आहे का हे आधी तपासायचे. तो तिरका असेल तर दोन्ही बाजूंच्या कमानी कधीच जुळणार नाहीत. मग हबच्या मध्यावर लाकडी पट्टी फिरती बसवून वर्तुळ काढतात. २८ इंच व्यासाच्या टायरला २ इंच मोकळी जागा हवी असेल तर त्रिज्या १६ इंच येते. इथे एक फसगत होते: पत्रा बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे पेन्सिल त्याच्या उतारावरून सरकवत काढलेले वर्तुळ बाजूने पाहताना अंड्यासारखे दिसते. म्हणून पेन्सिल गाडीच्या कुशीला काटकोनात धरून रेघ पत्र्यावर उतरवायची. नंतर आतला भाग काळ्या कागदाने झाकून वीस पावलांवरून पाहायचे. पुढच्या कमानीचा आकार आणि दाराची रेषा यांच्याशी मेळ बसतो का, हे जवळून कळत नाही. पुठ्ठ्याचा फर्मा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावतात, पण माप मात्र अ‍ॅक्सलपासूनच घ्यायचे. जुन्या गाडीच्या दोन बाजू सारख्या असतीलच असे नाही.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी आणि तिची नळी उतरवावी, आतले डांबरी लेपन खरवडून काढावे. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेट घेते, आणि आग आतल्या पोकळीत लागते तेव्हा बाहेरून दिसत नाही.

काठ तयार करण्याच्या तीन रीती आहेत. मूळ काठ दोन इंच पट्टीसकट कापून वर नेणे ही पहिली. यात त्रिज्या वाढली तर काठ अपुरा पडतो: १४ वरून १६ इंच केल्यास अर्धवर्तुळाला सव्वासहा इंच जास्त काठ लागतो, म्हणून तो जागोजागी चिरून मध्ये तुकडे भरावे लागतात. दुसरी रीत रेघेच्या आत अर्धा इंच पत्रा शिल्लक ठेवून तो आतल्या बाजूला वळवण्याची. वळताना या पट्टीची कडा ताणली जाते. एका दमात वळवली तर फाटते आणि पुरेशी ताणली नाही तर बाहेरचा पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून कमानीभर चार-पाच फेऱ्यांत हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने) थोडी थोडी वळवायची. तिसरी रीत पाव इंची सळई कमानीच्या आकारात वाकवून कापलेल्या कडेला वेल्ड करण्याची. ती मजबूत आणि सुबक असते, पण सळई उलगडते, म्हणून किंचित लहान फर्म्यावर वाकवावी लागते.

वेल्डिंगचे टाके इंचभर अंतरावर, एकदा इथे तर एकदा दूर असे मारतात. जोड थंड होताना आखडतो आणि कमानीवरचा सपाट भाग दाबला की डब्याच्या पत्र्यासारखा आत-बाहेर होऊ लागतो. गरम जोड डॉलीवर ठोकून पुन्हा ताणणे हाच यावर उपाय आहे. उरलेले खोलगट भाग सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील यांच्या मिश्रणाने भरतात. त्याआधी पत्र्यावर कथिलाचा पातळ थर चढवायचा, आणि नंतर फ्लक्सचे (कथील चिकटावे म्हणून लावलेल्या द्रव्याचे) आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारायचे. आम्ल राहिले तर रंगाखाली फोड येतात. शिसे कानशीने घासावे, यंत्राने नाही. त्याची धूळ विषारी असते. कमानीच्या काठावर मात्र शिसे किंवा लांबी (पुट्टी) थापू नये, पहिल्याच खड्याने टवका उडतो.

आतल्या चाकघराला चिरा देऊन त्याचा पत्रा बाहेर वळवून नव्या काठाला जोडतात आणि सांधा सीलरने भरतात. हे काम दिसत नाही म्हणून ते टाळले जाते, आणि मग डिकीत चिखल-पाणी शिरते.

स्कर्ट घालायचा तर टायर आणि त्याच्या मध्ये किमान पाऊण ते एक इंच जागा हवी, कारण वळणावर अ‍ॅक्सल बाजूलाही सरकतो. पुरे आहे का हे स्प्रिंग काढून, जॅकने अ‍ॅक्सल वरच्या टोकापर्यंत नेऊन आणि एक-एक चाक वेगळे उचलून पाहावे. स्कर्टची फट सगळीकडे सारखी, साधारण अष्टमांश इंच, ठेवतात. मागे रबरी पट्टी लावल्यास खडखड होत नाही आणि रंगही घासत नाही. पुढे-मागे दोन खिळे आणि आतून ओढून बसणारी कळ एवढ्यावर तो धरलेला असतो; कळ सैल असेल तर तो रस्त्यात गळून पडतो. सगळ्यात शेवटी एक तपासणी: चासी जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्यायचा आणि स्कर्ट काढून चाक बाहेर येते का ते पाहायचे. टायरचा माथा काठाच्या वर राहत असेल तर शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडावा लागतो. तेवढ्यानेही चाक सुटत नसेल तर कमान अजून वर न्यायला हवी, आणि ते रंगाच्या आधी कळलेले बरे.