बेस लेयर
गिर्यारोहण, ट्रेकिंग, स्कीइंग यांसाठी एकावर एक घालायच्या कपड्यांमधला सर्वांत आतला, थेट अंगाला भिडणारा थर. दुकानात याला ‘थर्मल’ किंवा ‘इनर’ म्हणतात आणि निवडीतली चूक बहुधा या नावापासूनच सुरू होते. ऊब धरून ठेवणे हे मुख्यतः वरच्या फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड) किंवा डाउन (पक्ष्यांची मऊ पिसे भरलेल्या) जॅकेटचे काम, तर वारा-पाऊस अडवणे सर्वांत बाहेरच्या थराचे. बेस लेयरने आधी घाम कातडीपासून दूर न्यायचा असतो.

याचे कारण पाण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. चढावर अंग तापलेले असते, तेव्हा ओला कपडा जाणवत नाही. खिंडीत पोहोचून सॅक उतरवली, की पाठीवरचा ओला भाग वाऱ्याला उघडा पडतो आणि पाहता पाहता हुडहुडी भरते. सॅकखालचा हा भाग सगळ्यांत उशिरा वाळतो. म्हणून कपडा चालण्यासाठी कसा आहे यापेक्षा थांबल्यावर कसा वागेल, हे पाहून तो घ्यावा.

कापसाचा तंतू पाणी पोटात घेऊन फुगतो. ओले सुती कापड अंगाला चिकटते आणि ऊब धरणारी हवा निघून जाते. हिमालयात जाणारे पुष्कळजण आत नेहमीचा सुती बनियन ठेवून त्यावर महागडे थर्मल चढवतात. घाम बनियनमध्येच मुरतो आणि वरच्या कपड्याला काही करताच येत नाही. तो बनियन घरीच ठेवावा.

पॉलिएस्टरचा तंतू स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा घेत नाही. घाम धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. हे कापड स्वस्त, टिकाऊ आणि झटपट वाळणारे असते. मात्र त्याला दुसऱ्याच दिवशी वास मारू लागतो आणि स्टोव्हजवळ ठिणगी उडाली तर ते वितळते.

मेरिनो मेंढीची लोकर वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा घेऊनही हाताला ओली लागत नाही. चार-पाच दिवस सलग घातली तरी फारसा वास येत नाही. ती महाग असते, सावकाश वाळते, लवकर विरते आणि कपाटात तिला कसर लागते. लोकर ओलसर असूनही ऊब देते, हे महाराष्ट्रातल्या धनगरांना सांगायला नको. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन ते मेंढरांमागे उभे असतात. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक कातडीवर वाकत नाही, टोचते. मेरिनोचे तंतू बहुधा २० मायक्रॉनच्या आतबाहेर असतात, म्हणून ती उघड्या अंगावर चालते.

कापडाइतकीच विणही महत्त्वाची. १९३३ मध्ये नॉर्वेच्या सैन्यातले अधिकारी हेन्रिक ब्रून यांनी मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन तयार केला. जाळीच्या भोकांत हवा अडकते आणि वाफेला वाटही मिळते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत असे जाळीदार बनियन वापरले गेले.

मेरिनोच्या कपड्यांवर दर चौरस मीटरचे वजन दिलेले असते. चालण्यासाठी १५० ग्रॅमच्या आसपासचे पातळ कापड बरे. २५० ग्रॅमचे तंबूत आणि झोपताना. जाड थर्मल घालून चढ चढणे म्हणजे घामाला आमंत्रणच. निघताना थोडी थंडी वाजलेली चांगली. कपडा अंगाबरोबर बसावा, कारण सैल कापड घाम उचलत नाही. पण काखेत काचणाराही नको.

सह्याद्रीत हिशेब बदलतो. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की कोणतेही कापड नीट वाळत नाही. तिथे पातळ पॉलिएस्टर टी-शर्ट भिजू द्यावा आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये ठेवावा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मात्र पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट चांगला, कारण तिथे ओलाव्याचा गारवा हवाच असतो. हिवाळ्यात गडावर मुक्काम असेल तर थर्मल सॅकमध्येच राहू द्यावे. वर पोहोचल्यावर ओला टी-शर्ट काढून, अंग पुसून मग घालावे.

धुताना कापड मऊ करणारे द्रावण टाळावे, त्याचा थर बसून घाम ओढण्याची क्षमता घटते. मेरिनो गार पाण्यात धुऊन, न पिळता, सावलीत आडवी पसरून वाळवावी.