१६.०१८५ हा आकडा आला कुठून?

पाऊंड प्रति घनफूट मधली घनता किलो प्रति घनमीटर मध्ये करायची तर १६.०१८५ ने गुणायचं, हे सगळेच करतात, पण आकडा असा वेडावाकडा का ते कुणी सांगत नाही, आणि ते एकदा कळलं ना की गुणायचं की भागायचं हा गोंधळच उरत नाही.

गोष्ट पाण्याची आहे. १७९५ साली फ्रान्सने ग्रॅम ठरवला तोच मुळी पाण्यावरून, एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम. लांबी आणि वजन पाण्याने आधीच एकमेकांना बांधून टाकले, म्हणून मेट्रिकमध्ये पाण्याची घनता १ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) किंवा १००० (किलो प्रति घनमीटर) अशी स्वच्छ येते.

इंग्लंडात तसं नव्हतं. पाऊंड आणि फूट आपापल्या वाटेने आलेले, त्यामुळे एक घनफूट पाणी तोललं तर साधारण ६२.४ पाऊंड भरतं. १८२४ च्या कायद्यात पाणी आलं, पण गॅलनपुरतं, म्हणजे ६२ अंश फॅरनहाइटला १० पाऊंड पाणी मावेल तो इंपीरियल, म्हणजे ब्रिटिश, गॅलन. अमेरिकेने मात्र आपला जुना २३१ घन इंचांचा गॅलन सोडलाच नाही, त्यामुळे तेच पाणी तिकडे गॅलनला ८.३४ पाऊंडच्या आसपास भरतं. कुठेही पाऊंड प्रति गॅलन दिसलं की आधी कुठला गॅलन ते बघाच.

पुढे १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन धरून सहा देशांनी एक पाऊंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो आणि एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असं पक्कं केलं, म्हणजे फूट झाला ०.३०४८ मीटर. त्याचा घन ०.०२८३१६८, त्याने ०.४५३५९२३७ ला भागलं की आपला १६.०१८५ हजर. बहुतेक जण इथेच चुकतात, घन न करता नुसत्या ०.३०४८ ने भागतात.

आणि चूक झाली की काय होतं ते १९८३ च्या जुलैमध्ये कॅनडात दिसलं. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ नवं होतं, त्यात इंधन किलोत मोजायचं होतं. टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होतं, त्याला सवयीप्रमाणे १.७७ ने गुणलं आणि १३,५९७ हे उत्तर किलो म्हणून धरलं. पण १.७७ ही घनता पाऊंड प्रति लिटरची, अर्धी इंपीरियल अर्धी मेट्रिक, किलोसाठी ०.८ च्या आसपासचा आकडा हवा होता. टाकीत खरं तर सहा हजार किलोंच्या जरा वर इंधन होतं, वर भरायचं किती तेही त्याच १.७७ ने काढलं, आणि हवेत असतानाच आधी एक आणि मग दुसरं इंजिनही बंद पडलं. वैमानिकांनी ते विमान तरंगत तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, आतले सगळे ६९ जण वाचले.