प्रीतिसंगमाची पार्श्वभूमी : कऱ्हाडचे पाणी, पाऊस आणि डोंगर

कऱ्हाडात संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाची पावले आपोआप प्रीतिसंगमाकडे वळतात. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात. कृष्णा वाईमार्गे सपाटीला उतरते, तर कोयना सह्याद्रीची मुख्य रांग आणि बामणोलीचे डोंगर यांच्यामधल्या अरुंद खोऱ्यातून दक्षिणेला धावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला येते. येथे त्या एकमेकींना समोरासमोर भिडतात व एकत्र होऊन पूर्वेकडे जातात. नद्यांची अशी भेट क्वचितच पाहायला मिळते, आणि प्रीतिसंगम हे नाव तिला शोभून दिसते.

या जागेचे महत्त्व जुने आहे. मध्य प्रदेशातील भारहुतच्या बौद्ध स्तूपावरील दानलेखांत ‘करहकट’ म्हणजेच कऱ्हाड येथील दात्यांचा उल्लेख येतो, आणि गावालगतच्या आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. आज त्याच डोंगरावर लोक पहाटे चढाईला जातात. कोणी त्याऐवजी सदाशिवगड गाठतो, तर कोणी तळबीडजवळचा वसंतगड.

हवामानाचे कोडे पश्चिमेकडे सुटते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या कऱ्हाडला त्याचा लहानसा हिस्सा मिळतो. त्यामुळे गावात नुसती भुरभुर असतानाही संगमावर पाणी चढू शकते. 1860 च्या दशकातील खोडशीच्या बंधाऱ्याने कृष्णेचे पाणी कालव्यात वळवले. त्यानंतर शतकभराने उभ्या राहिलेल्या कोयना धरणाने मात्र नदीचा स्वभावच बदलला. धरणातील बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरते, आणि कऱ्हाडला येणारा कोयनेचा प्रवाह पुष्कळ अंशी धरणातून होणाऱ्या विसर्गावर ठरतो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने या खोऱ्याला आणखी एक आठवण दिली. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर तर धरणातील पाणीसाठ्याचे आकडे नदीकाठच्या घराघरांत काळजीने वाचले जाऊ लागले.

पूर ओसरला की घाट पुन्हा गजबजतो. संगमाजवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिच्या परिसरात बसले की डावीकडून आणि उजवीकडून येणारे दोन प्रवाह एकाच नजरेत मावतात. पावसाळ्यात त्या दोन पाण्यांच्या रंगांतला फरकही काही अंतरापर्यंत वेगळा दिसत राहतो.