लोकलहोस्टवरील विकी

विकी म्हणजे ब्राउझरमधूनच पाने लिहिता-बदलता येणारी साइट. असे मुक्तस्रोत वेब-अ‍ॅप्लिकेशन दूरच्या सर्व्हरवर न ठेवता आपल्याच संगणकावर बसवून चालवण्याचा एक प्रकार. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' किंवा १२७.०.०.१ हा स्वतःच्याच यंत्राचा पत्ता टाकला की मागणी यंत्राबाहेर जातच नाही. त्यामुळे एकदा बसवल्यावर इंटरनेटची गरज उरत नाही.

खान्देशात अहिराणी शब्द गोळा करणाऱ्याला ही सोय चांगली उपयोगी पडते. 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'आंडेर' म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा. वहीत अशा नोंदी मागेपुढे होतात, विकीत प्रत्येकीला वेगळे पान मिळते. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर यासाठी फुकट वापरता येते.

विंडोजवर आधी झॅम्प हा सॉफ्टवेअर-संच घेतात. अपाची हा वेब-सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा त्यात एकत्रच येतात. मीडियाविकीचे फोल्डर झॅम्पमधल्या 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये टाकून ब्राउझरमधून स्थापना सुरू करायची. बरेच जण इथेच अडतात, कारण मीडियाविकीला 'इंटल' हे पीएचपीचे एक्स्टेन्शन (जोडभाग) लागते आणि झॅम्पमध्ये ते सहसा बंद असते. 'पीएचपी डॉट आयएनआय' या सेटिंगच्या फाइलमधल्या 'इंटल'च्या ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम (;) खोडून अपाची पुन्हा सुरू केले की काम होते. एवढ्याशा चिन्हापायी संध्याकाळ जाते. ब्राउझरची मागणी ज्यावर येते ते ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरले असेल तर अपाचीला ८०८० देतात. शेवटी तयार होणारी 'लोकलसेटिंग्ज' फाइल उतरवून विकीच्या फोल्डरमध्ये स्वतः ठेवावी लागते. ती ठेवेपर्यंत विकी उघडत नाही.

झॅम्पमध्ये डेटाबेसच्या 'रूट' या मुख्य खात्याला पासवर्ड नसतो. घरापुरते चालते, सगळ्यांसाठी खुल्या सर्व्हरवर मुळीच नाही. खरा धोका विजेचा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला, तर डेटाबेसच्या फाइली बिघडून तो पुन्हा सुरू व्हायला नकार देऊ शकतो. म्हणून डेटाबेसची डम्प फाइल (त्यातल्या सगळ्या मजकुराची बाहेर काढलेली प्रत), 'इमेजेस' फोल्डर आणि 'लोकलसेटिंग्ज' या तिन्हींची प्रत पेनड्राइव्हवर असावी. नुसते विकीचे फोल्डर कॉपी केले तर शब्द मागेच राहतात, कारण पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो.

त्याच वायफायवरच्या मोबाइलवर विकी पाहायची तर संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) टाकतात. तरीही पान उघडत नाही, कारण 'लोकलसेटिंग्ज'मध्ये सर्व्हरचे नाव लोकलहोस्ट असेच लिहिलेले असते आणि मोबाइलच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथेही आयपी पत्ताच लिहावा लागतो.