हॉटेल-लॉज व्यवसायातील नवे तंत्रज्ञान (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात ‘हॉटेल’ म्हणजे चहा, उप्पीट, पुरीभाजी मिळण्याचे ठिकाण. मुक्काम करायचा तो ‘लॉज’वर आणि भाकरी-आमटी जेवायची ती ‘खानावळी’त. गेल्या दहा-बारा वर्षांत या तिन्ही ठिकाणी गल्ल्यावर, भटारखान्यात आणि खोल्यांच्या दारांवर नवी उपकरणे बसली. यंत्रे पुण्यात किंवा बंगळुरात असतात तीच आहेत. ती अडतात ती मात्र इथल्या खास जागी: लिपीत, गावाच्या नावात आणि राज्याच्या कोडात.

गिऱ्हाइकी वर्षभर सारखी नसते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरची वाहतूक बारमाही असली तरी सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला गर्दी लोटते आणि पावसाळ्यात चोर्ला घाटाकडे पर्यटक वळतात. २०१२ साली उद्घाटन झालेल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात (कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत) हिवाळी अधिवेशन भरले की शहरातले लॉज भरतात. लग्नसराई वेगळीच. खोल्यांचे संगणकीय नियोजन उपयोगी पडते ते याच दिवसांत, आणि कोलमडतेही याच दिवसांत.

खोल्यांची नोंद

पाच खोल्या तीन पोर्टलवर (ऑनलाइन खोल्या विकणाऱ्या संकेतस्थळांवर) विकायला ठेवल्या, तर प्रत्येक पोर्टलला पाच मोकळ्या दिसतात. म्हणजे कागदावर पंधरा. ‘चॅनेल मॅनेजर’ ही प्रणाली सर्वांना एकाच साठ्यातून खोल्या देते आणि एक विकली गेली की बाकीच्या ठिकाणची संख्या आपोआप कमी करते. तरीही एकच खोली दोघांना जाते. याचे एक कारण जोडणीतली चूक असते : पोर्टलवरची ‘एसी डबल’ प्रणालीत ‘नॉन-एसी डबल’ला जोडलेली. दुसरे आणि नेहमीचे कारण म्हणजे मंगल कार्यालयाने फोनवर घेतलेल्या दहा खोल्या फक्त डायरीत राहणे. आधी खोली संगणकावर अडवायची, मग फोन ठेवायचा, हा नियम जिथे पाळतात तिथे भांडणे कमी. अधिवेशनाच्या व लग्नतिथींच्या दिवशी शेवटच्या दोन खोल्या पोर्टलवरून काढून ठेवणेही शहाणपणाचे.

पोर्टलवरचा भाव लॉजवाल्याने इतरत्र कमी ठेवू नये, ही करारातली अट बरीच वर्षे वादात होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात अशा अटी बदलण्याचेही निर्देश होते.

नावाचा प्रश्न इथलाच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण महाराष्ट्रातून शोधणारा ‘बेळगाव’ किंवा जुने इंग्रजी नाव टंकतो. म्हणून लॉजच्या वर्णनात दोन्ही नावे द्यावीत. खानापूरच्या बाबतीत तर तालुका, जिल्हा व राज्य सगळे लिहावे, कारण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. नकाशावरची खूणही पत्ता टाकून आपोआप घेऊ नये. दारात उभे राहून मोबाइलने लावावी.

परदेशी पाहुण्याची माहिती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. देशी पाहुण्याच्या आधारची सरसकट झेरॉक्स ठेवण्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार घ्यावे. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाल्यावरही कित्येक काउंटरांवर झेरॉक्सचे गठ्ठे उघडे पडलेले दिसतात.

भटारखान्यातली चिठ्ठी

सप्लायर (म्हणजे वाढपी) मोबाइलवर ऑर्डर घेतो, ती वायफायने राउटरकडे आणि तिथून भटारखान्यातल्या प्रिंटरकडे जाते. प्रिंटर प्रति मिलिमीटर ८ ठिपके छापतो. ८० मिमी रुंद रोलवर छपाई ७२ मिमीची, म्हणजे ५७६ ठिपक्यांची. ५८ मिमी रोलवर ४८ मिमीची, म्हणजे ३८४ ठिपक्यांची. इंग्रजी अक्षरे प्रिंटरच्या स्मृतीत असतात. स्वस्त प्रिंटरांत देवनागरी आणि कन्नड बहुधा नसतात. तसाच मजकूर पाठवला तर प्रश्नचिन्हे उमटतात किंवा जोडाक्षरे फुटतात. उपाय म्हणजे सॉफ्टवेअरने ओळ चित्र म्हणून पाठवणे. छपाई किंचित सावकाश होते, पण वाचता येते.

कोणत्या लिपीत छापायचे हे मालकाने नव्हे, चिठ्ठी वाचणाऱ्याने ठरवावे. डोशाच्या तव्यावरचा मास्तर किनारपट्टीकडचा असेल तर त्याला कन्नड हवी, भाकरी थापणाऱ्या बाईंना मराठी आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर इंग्रजी. त्यामुळे पदार्थाच्या नोंदीत नावाचे तीन रकाने भरावेत आणि प्रत्येक विभागाच्या प्रिंटरला त्याची लिपी नेमून द्यावी. नगसंख्या मात्र सगळीकडे इंग्रजी आकड्यांत, कारण धुरकट उजेडात देवनागरी ‘१’ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि एका डोशाचे नऊ व्हायला वेळ लागत नाही.

या प्रिंटरचा थर्मल कागद शाईने नव्हे, उष्णतेने छापला जातो, म्हणून तापला की काळा पडतो. तव्याजवळ अडकवलेली चिठ्ठी दहा मिनिटांत वाचता येईनाशी होते. भट्टीजवळ रिबनचा ठोके मारणारा जुना प्रिंटर चांगला. आवाज करतो, पण तोही फायद्याचाच, चिठ्ठी आल्याचे कळते. हिशेबासाठी ठेवायची बिलेही थर्मल कागदावर ठेवू नयेत. तेलकट हात आणि उन्हाळा मिळून काही महिन्यांत ती कोरी होतात.

वीज जाऊन आली की ‘प्रिंटर सापडत नाही’ ही तक्रार ठरलेली. राउटर पुन्हा चालू होताना प्रिंटरला नवा पत्ता (नेटवर्कवरचा आयपी क्रमांक) देतो आणि मोबाइल जुन्याच पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवत राहतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा नेमून द्यावा आणि दोन्ही यंत्रे यूपीएसवर ठेवावीत. एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

बिल आणि कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. लॉजला त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. ७,५०० च्या वरच्या भाड्यास १८ टक्के. दर बदलला तरी सॉफ्टवेअरमधला जुना १२ टक्क्यांचा रकाना तसाच राहतो; तो शोधून काढावा.

सीमाभागातली खास चूक वेगळी आहे. कोल्हापूरच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, कर्नाटकातल्या लॉजचा २९ ने. क्रमांक टाकताच सॉफ्टवेअर व्यवहार आंतरराज्य समजून आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहारावरचा कर) लावते. कायद्याने मात्र मुक्कामाच्या सेवेचे स्थान म्हणजे इमारत जिथे उभी आहे ती जागा. म्हणून निपाणीत राहिलेल्या कोल्हापूरकराच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि कर्नाटकाचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) हेच लागतात. कर्नाटकात नोंदणी नसलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळत नाही, आणि तिचा लेखापाल आयजीएसटीसाठी फोन करत राहतो. बिल बदलून देऊ नये. जेवणाच्या बिलालाही हाच न्याय, तिथे सेवा जिथे दिली ती जागा. घरपोच ॲपवरून गेलेल्या जेवणावरचा कर १ जानेवारी २०२२ पासून ॲप भरते. हॉटेलने तो पुन्हा भरू नये.

पैसे

२०१६ साली आलेल्या यूपीआयने गल्ल्यातली सुट्ट्यांची अडचण संपवली आणि खोट्या स्क्रीनशॉटची आणली. त्यावर उतारा म्हणजे रक्कम बोलून सांगणारा साउंडबॉक्स. त्यात स्वतःचे सिम असते. जांबोटी-कणकुंबीकडे किंवा तळघरात रेंज नसली की घोषणा उशिरा येते आणि गिऱ्हाईक दोनदा पैसे भरते. बॉक्स खिडकीजवळ ठेवावा आणि खात्याच्या ॲपवर पाहूनच ‘आले नाहीत’ म्हणावे. कापलेले पण न पोहोचलेले व्यापारी पेमेंट पाच दिवसांत परत होणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

दार आणि गरम पाणी

कार्डाचे कुलूप बहुधा कशालाच जोडलेले नसते. कार्डात खोली आणि मुदत असते, कुलूप ती स्वतःच्या घड्याळाशी ताडते. चार पेन्सिल सेल बदलायला वेळ लागला की घड्याळ थांबते आणि बरोबर कार्डही नाकारले जाते. तेव्हा कार्ड नव्हे, कुलपाची वेळ दुरुस्त करावी. खानापूर भागातल्या पावसाळी दमट हवेत साधे सेल झिरपून टोके गंजतात, म्हणून अल्कलाइन सेल वापरावेत. कार्ड घातल्यावर दिवे लावणारा स्वस्त खटका मात्र कोणतेही व्हिजिटिंग कार्ड स्वीकारतो, हे पाहुण्यांना चांगले ठाऊक असते.

सौर बंब पावसाळ्यात थंडावतो. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे २.९ युनिट लागतात. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा उष्णता पंप तेच काम साधारण एका युनिटात करतो, पण सावकाश. यात्रेकरूंच्या लॉजवर सगळी मागणी पहाटे पाच ते आठ, म्हणून पाणी रात्रीच तापवून टाकीत साठवावे लागते.

बोलणारी यंत्रे

व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणारे सहायक आता लहान लॉजवरही दिसतात. ‘रूम हाय काय की?’ एवढे त्यांना समजते. कन्नड मिसळलेल्या वेगवान बोलण्यात ते चुकतात, म्हणून आवाजापेक्षा बटणे बरी. ‘परवा’ शब्दावर उलट प्रश्न विचारायला लावावे, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही. सौंदत्तीचा भक्त तारीख सांगतच नाही, ‘येत्या पुनवेला’ म्हणतो. त्यासाठी वर्षाच्या पौर्णिमा तारखांसह आधीच भरून ठेवाव्यात. तिथी दोन तारखांवर पसरली असेल, तर दोन्ही रात्री विचारूनच खोली पक्की करावी.